कोणासाठीच न बांधलेलं घर : लंडनच्या गॉफ स्क्वेअरमधली एक वास्तू

मागच्या दोन व्याख्यानांत आपण वस्तू आणि तिचं नाव यांच्या संबंधाविषयी बोललो. विषय जरा कोरडा झाला, अशी काहींची तक्रार आली आणि ती रास्त होती. म्हणून आज तोच प्रश्न आपण एका घरासमोर उभं राहून विचारणार आहोत. घर विटांचं आहे, तीनशे वर्षांहून जुनं आहे, लंडनमध्ये आहे. फ्लीट स्ट्रीट या एके काळच्या छापखान्यांच्या रस्त्याच्या उत्तरेला अरुंद बोळांचं जाळं आहे. त्यातून वाट काढत गेलं की एक छोटी फरसबंद मोकळी जागा लागते, तिचं नाव गॉफ स्क्वेअर. तिच्या टोकाला क्रमांक १७ चं घर उभं आहे. ते सन १७०० च्या सुमारास बांधलं गेलं. डॉ. सॅम्युअल जॉन्सन इथे १७४८ ते १७५९ राहिले आणि त्यांचा इंग्रजी शब्दकोश याच घरात तयार झाला. तेवढ्यामुळे हे घर आज 'डॉ. जॉन्सन यांचं घर' म्हणून ओळखलं जातं. इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत ते पहिल्या श्रेणीत आहे.

आता आधीच सांगून टाकतो. आज आपण जॉन्सनविषयी कमी आणि घराविषयी जास्त बोलणार आहोत. त्या घरावर जे लिहिलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं जॉन्सनवरचं असतं. घर बिचारं पार्श्वभूमीला राहतं. आमचं म्हणणं असं की हे नाव घराला चिकटल्यामुळे घर वाचलं हे खरं, पण त्याच नावामुळे घर दिसेनासंही झालं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालायचा, हा आजचा प्रश्न.

एक शब्द आधी बाजूला करू. 'स्क्वेअर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'चौक' येतो. पण वाड्यातला चौक घराच्या पोटात असतो आणि लंडनचा स्क्वेअर घरांच्या तोंडासमोर असतो. वाड्याचं घर आत बघतं. हे घर बाहेर, समोरच्या घराकडे बघतं. म्हणून त्याची दर्शनी भिंत हा त्याचा चारचौघांत वावरण्याचा पोशाख आहे. तो पोशाख फार साधा आहे. तांबड्या विटा, ओळीत बसवलेल्या उंच खिडक्या, दार. खांब नाहीत, मूर्ती नाहीत, नक्षी जवळजवळ नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यात बघायचं काय?

हा साधेपणा आला कुठून? सौंदर्यदृष्टीतून आला, असं वास्तुकलेची पुस्तकं बऱ्याचदा सुचवतात. आमच्या मते तो आधी कायद्यातून आला. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला मोठी आग लागली. तेरा हजारांहून अधिक घरं जळाली. आग पश्चिमेकडे फ्लीट स्ट्रीटने फेटर लेनपर्यंत येऊन पोचली होती, म्हणजे आपण ज्या भागाबद्दल बोलतोय तिथपर्यंत. जळालेलं शहर मुख्यतः लाकडी होतं. १६६७ साली पुनर्बांधणीचा कायदा झाला आणि त्याने सांगितलं की यापुढे बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात. रस्ता केवढा, त्यावर घर किती मजली, हे ठरलं. घरांचे चार प्रकार पाडले गेले. भिंतीची जाडी फुटांत नाही, विटांत सांगितली गेली. तळघरात भिंत जाड, वर चढत जाल तसतशी पातळ. दोन घरांमधली सामायिक भिंत कशी असावी, तेही लिहिलं गेलं.

म्हणजे बघा, या घराचा आराखडा कोणी काढला, असं विचारलं तर एका स्थपतीचं नाव सांगता येत नाही. कायदा, गवंड्यांचा सराव आणि जमिनीचा तुकडा, या तिघांनी मिळून तो काढला. रिचर्ड गॉफ नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने ही जागा विकसित केली आणि तिला स्वतःचं नाव दिलं. कलाकृतीला कर्ता असलाच पाहिजे, अशी आपली एक सवय आहे. कर्ता सापडला नाही की आपण अस्वस्थ होतो आणि मग निदान राहणारा तरी शोधतो. या घराच्या बाबतीत नेमकं तेच झालं. रचणाऱ्याची रिकामी जागा राहणाऱ्याच्या नावाने भरली गेली.

आता भिंतीजवळ जाऊ. इंग्रजी वीट आपल्या हातात मावेल अशी असते. साधारण नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, अडीच इंच उंच. एका हाताने वीट उचलायची, दुसऱ्या हातात थापी, या मापातून ती आली आहे. लंडनच्या पायाखाली मातीच माती आहे आणि त्या काळी बांधकामाच्या जवळपासच माती खणून, तिच्यात राख मिसळून, वीटभट्टी लावली जाई. म्हणजे घर ज्या जमिनीवर उभं, तिच्याच जातीच्या मातीतून ते वर आलेलं. त्या काळात इंग्लंडमध्ये जी बांधणी रूढ होत गेली तिला 'फ्लेमिश बाँड' म्हणतात. एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची रुंदीने, पुन्हा लांबीने. आडव्या विटेला स्ट्रेचर म्हणतात, आत शिरणाऱ्या विटेला हेडर. हेडर भिंतीच्या पोटात जाते आणि बाहेरचा थर आतल्या थराशी बांधून ठेवते. बाहेरून जी लय दिसते ती खरं म्हणजे आतल्या पकडीची खूण असते.

पण इथे एक गंमत आहे आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती सोडवत नाही. पुढे अठराव्या शतकात झटपट घरं उठवणाऱ्या अनेकांनी दर्शनी भागाला चांगल्या महाग विटा लावल्या आणि मागे हलक्या विटा. दोन्हींचे थर जुळेनात. मग काय करायचं? हेडर अर्धी तोडायची आणि नुसती दर्शनी लावायची. बाहेरून फ्लेमिश बाँड जसाच्या तसा, आत पकड नाही! आजही जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्यांना अशी पोटातून सुटलेली, बाहेर फुगलेली भिंत सापडते. खूण शिल्लक आणि खुणेचा अर्थ गेला. मागच्या वेळी आपण जे शब्दांबद्दल म्हणालो ते इथे विटेबद्दल म्हणता येईल.

चुन्याबद्दल दोन वाक्यं बोललंच पाहिजे, कारण जुन्या घरांचं सर्वांत जास्त नुकसान या एका अज्ञानाने झालं आहे. ही भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना विटेपेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून बाहेर पडतं, भिंत थोडी हलली तर चुना ती हालचाल सोसतो. विसाव्या शतकात लोकांनी प्रेमाने, मजबुतीसाठी म्हणून, त्याच दरजा सिमेंटने भरल्या. सिमेंट कडक. पाणी अडकलं, हिवाळ्यात गोठलं आणि विटेचाच पापुद्रा सुटू लागला. सांध्याने विटेपेक्षा कमकुवत असलं पाहिजे, म्हणजे झिजायचं ते सांध्याने, विटेने नाही. दर काही दशकांनी दरजा पुन्हा भरायच्या, हे त्या रचनेत गृहीतच धरलेलं आहे.

खिडक्या. या घरांत वरखाली सरकणाऱ्या खिडक्या असतात, काचेच्या छोट्या तावदानांच्या. १७०७ च्या कायद्याने लाकडी छज्जे बंद केले आणि १७०९ च्या कायद्याने सांगितलं की खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत हवी. कारण पुन्हा आग. त्याआधीच्या घरांत चौकट भिंतीच्या बाहेरच्या पातळीलाच असे. त्या चार इंचांनी लंडनच्या घरांचा चेहरा बदलला. खिडकीभोवती सावलीची रेघ आली, भिंत जाड आणि गंभीर वाटू लागली. पुढच्या पिढ्यांनी त्या सावलीला अभिरुची म्हटलं. गॉफ स्क्वेअरचं घर या कायद्यांच्या आधीचं आहे. त्यात भर म्हणजे १६९६ पासून खिडक्यांवर कर होता, तो १८५१ पर्यंत राहिला. उजेडावर कर! त्या काळात घर बांधणाऱ्याने किती खिडक्या ठेवल्या, हा त्याच्या ऐपतीचा जाहीरनामाच असे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ही घरं बांधली कोणासाठी जात? त्या काळच्या लंडनमध्ये सर्वसाधारण पद्धत अशी: जमीन एखाद्या मालकाची, बांधणारा ती मुदतीच्या पट्ट्याने घेणार, घराचा सांगाडा उभा करणार आणि राहिलेला पट्टा विकणार किंवा घर भाड्याने देणार. घर उभं राहतं तेव्हा राहणारा कोण, हे कोणालाच माहीत नसतं. तो वकील असेल, विधवा असेल, घड्याळजी असेल. म्हणून खोल्यांना जन्मतः नाव नसतं. कोणतीही खोली जेवणाची होऊ शकते, कोणतीही अभ्यासाची. खोल्या साध्या, सरळ, लाकडी तक्तपोशीच्या. मधे जिना, जिन्याच्या दोन्ही अंगांना खोल्या, तेच वरच्या मजल्यावर, तेच त्याच्या वर. हे घर कोणासाठीच बांधलेलं नाही, म्हणूनच ते कोणाच्याही उपयोगी पडतं. त्याचा निनावीपणा हाच त्याचा गुण आहे. त्याला 'अमक्याचं घर' म्हणणं म्हणजे धर्मशाळेला एका यात्रेकरूचं नाव देण्यासारखं आहे. यात्रेकरू मोठा होता, मान्य.

डॅनिश वास्तुविचारक स्टीन आयलर रासमुसेन यांनी १९३०च्या दशकात लंडनवर एक सुंदर पुस्तक लिहिलं. युरोपातल्या मोठ्या शहरांत लोक एकाच इमारतीत थरांवर थर राहतात; लंडनमध्ये मात्र एका कुटुंबाला एक घर आणि रस्त्याकडे स्वतःचं दार. त्यांना यात एक नागरी शहाणपण दिसलं आणि ते पटण्यासारखं आहे. पण आमचा त्यावर एक आक्षेप आहे. हे कौतुक दिवाणखान्यात बसून केलेलं आहे. हेच घर स्वयंपाकघरातून बघा. ते तळघरात आहे. पाणी तिथून वर न्यायचं, कोळसा तिथून वर न्यायचा, राख खाली आणायची, मलमूत्राची भांडीही खाली आणायची. उभ्या घरात श्रेणी उभी असते. मालक मधल्या मजल्यांवर, नोकर दिवसा सर्वांत खाली आणि रात्री सर्वांत वर. चाकरमाणूस घराची दोन्ही टोकं सांभाळतो आणि मधला भाग त्याचा नसतो. 'एक कुटुंब, एक दार' हे खरं, पण त्या दाराच्या आत दोन समाज राहत होते आणि जिना दोघांना जोडतही होता, वेगळं ठेवतही होता. या घरात १७५२ साली फ्रान्सिस बार्बर नावाचा एक मुलगा आला. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला. जॉन्सनची पत्नी त्याच वर्षी वारली होती. तो नोकर म्हणून आला, पण जॉन्सनने त्याला शिकवलं आणि शेवटी मृत्युपत्रात आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा त्याच्या नावे केला. जिना तोच होता. त्यावरून चढणाऱ्या माणसांचे संबंध बदलू शकतात, हे त्या जिन्याला माहीत नव्हतं आणि त्याने अडवलंही नाही.

पहिल्या मजल्यावर या घराची सर्वांत हुशार गोष्ट आहे. तिथे जिन्याच्या मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची लाकडी तक्तपोशी बिजागरींवर फिरते. फळ्या मिटल्या की दोन स्वतंत्र खोल्या आणि मधे जिन्याची जागा. फळ्या फिरवल्या की सगळा मजला मिळून एक दालन. भिंत म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उत्तर आम्हाला तरी दुसरीकडे क्वचित दिसलं. भिंत हा इथे एक निर्णय आहे, सकाळी घेतलेला आणि संध्याकाळी बदलता येणारा. राहणारा माहीत नसताना घर बांधायचं, तर घराला असं वळता आलं पाहिजे.

आणि मग माळा. छपराखालची ती सलग लांब खोली. अशा घरांत माळा म्हणजे नोकरांचं झोपणं आणि अडगळ. जॉन्सनने १७४६ साली पुस्तकविक्रेत्यांशी पंधराशे पन्नास–पाचशे नव्हे, बरोबर पंधराशे गिनींचा करार केला होता आणि त्यातूनच मदतनिसांचे पगार द्यायचे होते. सहा मदतनीस, त्यांतले पाच स्कॉटिश. या मंडळींना बसवायचं कुठे? चांगल्या मजल्यांवर खोल्या लहान. एकाच नजरेत सगळे दिसतील, कागद पसरता येतील, छपराजवळचा उजेड मिळेल अशी जागा एकच. जॉन्सन पुस्तकं वाचत जाई, हवा तो शब्द पेन्सिलीने अधोरेखित करी, समासात त्याचं अक्षर मांडी. मदतनीस ती वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून घेत. चरित्रकार बॉस्वेलने त्या माळ्याची तुलना हिशेबाच्या पेढीशी केली आहे. ती अचूक आहे. शब्दांची पेढीच ती. १७५५ च्या एप्रिलमध्ये कोश दोन जाडजूड खंडांत बाहेर पडला, बेचाळीस हजारांहून जास्त शब्दांचा.

वास्तूच्या अंगाने बघितलं तर इथे एक उलटापालट झाली. ज्या घराची श्रेणी मधल्या मजल्याला मान देते, त्या घरातलं मानाचं काम सर्वांत कमी मानाच्या जागी गेलं. ही क्रांती वगैरे नव्हती. गरज होती आणि घर नाही म्हणालं नाही. कोश झाल्यावरही माळ्याचं वैभव काही वाढलं नाही. १७५८ मध्ये संगीताचे इतिहासकार चार्ल्स बर्नी भेटायला आले, तेव्हा जॉन्सन त्यांना वर घेऊन गेले. काही ग्रीक ग्रंथ, एक साधं मेज आणि दीड खुर्ची. धड खुर्ची पाहुण्याला दिली आणि स्वतः तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळत बसले. बर्कलीचा विचारवाद खोडून काढायला रस्त्यातल्या दगडाला लाथ मारणारा हाच माणूस. तीन पायांच्या खुर्चीवर बसणाऱ्याला जडवस्तूच्या अस्तित्वाविषयी शंका येणं कठीणच.

दाराकडे एकदा बघून पुढे जाऊ. पुढच्या दाराला एक जाडजूड साखळी आहे आणि तिला पिळाची कडी आहे. दारावरच्या झडपेला काटेरी लोखंडी पट्टी आहे. चोर लहान मुलाला झडपेतून आत सोडून कडी काढायला लावत, त्यावरचा हा उपाय. म्हणजे बाहेरून इतकं शांत, सभ्य दिसणारं घर आतून घाबरलेलं होतं. जॉन्सनकडे चोरण्यासारखं काय होतं म्हणा. कोश प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षी, १७५६ मध्ये, पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जासाठी त्यांना अटक झाली होती आणि कादंबरीकार रिचर्डसन यांनी पैसे पाठवून सोडवलं. तीन वर्षांनी त्यांनी हे घर सोडलं.

त्यानंतर दीडशे वर्षं घराचं काय झालं, हे सांगताना लोक सुस्कारा टाकतात. हॉटेल झालं, छापखाना झाला, गोदाम झालं. आम्हाला यात सुस्कारा टाकण्यासारखं काही दिसत नाही. कोणासाठीच न बांधलेलं घर आपलं काम करत होतं, इतकंच. १८७६ मध्ये भिंतीवर गोल फलक लागला, अशा फलकांमधला एक फार जुना. आणि १९११ साली, घर मोडकळीला आलेलं असताना, सेसिल हार्म्सवर्थ या खासदाराने ते विकत घेतलं. आल्फ्रेड बर यांनी दुरुस्ती केली, १९१४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या काळात अग्निशमन दलाचे स्वयंसेवक इथे विसाव्याला येत. त्याच हल्ल्यांत माळ्याच्या छपराचं मोठं नुकसान झालं आणि युद्धानंतर ते पुन्हा उभारावं लागलं.

म्हणजे परिस्थिती अशी: ज्या खोलीसाठी लोक जगभरातून येतात, तीच खोली या घरातली सर्वांत नवी आहे.

इथे आपल्याला नागसेन आठवणार. मिलिंद राजा विचारतो आणि भिक्षू त्यालाच उलट विचारतो: रथ म्हणजे चाक का, आस का, जू का, दांडा का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? 'रथ' हा अवयवांच्या आधाराने केलेला व्यवहार आहे, नाव आहे. आता हाच प्रश्न घराला लावा. घर म्हणजे वीट का? विटा बऱ्याच जुन्या आहेत, दरजा पुनःपुन्हा भरलेल्या. छप्पर का? ते बदललं. जॉन्सन का? तो अकरा वर्षांचा भाडेकरू. नागसेनाचं उत्तर शून्यवादी नाही, हे लक्षात घ्या. रथ नाहीच, असं तो म्हणत नाही. राजा रथात बसून आला, हे त्याला मान्य आहे. रथपण वापरात आहे.

इंग्लंडचा कायदा या प्रश्नाला कसं उत्तर देतो? युद्धानंतर, १९४७ च्या नगररचना कायद्याने संरक्षित वास्तूंच्या यादीची पद्धत पक्की केली. आज पहिली श्रेणी, दुसरी तारांकित आणि दुसरी, अशा पायऱ्या आहेत. नव्वद टक्क्यांहून जास्त वास्तू शेवटच्या पायरीवर असतात. निकष काय? वास्तूला विशेष वास्तुकलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्व हवं. या वाक्यातला सर्वांत कामाचा शब्द आहे 'किंवा'. तो शब्द फार उदार आहे आणि थोडा लबाडही. वास्तूसाठी वाचवलं का माणसासाठी, हे सांगण्याची गरजच तो ठेवत नाही. गॉफ स्क्वेअरमध्ये याच घराच्या काळची, याच घडणीची आणखी घरं होती. आज मूळ घरांपैकी हे एकच उभं आहे. शेजारच्या घरांच्या विटा काही हलक्या नव्हत्या. तिथे कोश लिहिला गेला नाही, एवढाच त्यांचा दोष. जॉन्सन लंडनमध्ये सतरा ठिकाणी राहिले असं मोजतात. त्यांतलं हेच एक उरलं. योगायोगाने वाचलेलं घर आपण मग 'अपवादात्मक' म्हणून बघायला जातो. त्याचं खरं वास्तुकलात्मक मोल तर ते अजिबात अपवादात्मक नव्हतं, यात आहे! ते एका हरवलेल्या जातीचा नमुना आहे. आज भोवती कार्यालयांच्या इमारती आहेत आणि ज्या ओळीत ते शब्द म्हणून शोभत होतं, ती ओळ गेली आहे.

मग दुरुस्ती करणाऱ्यांनी चूक केली का? नाही. उलट आमच्या मते त्यांनी एक फार मोठी गोष्ट केली, की बरंच काही केलंच नाही. घरात सामान कमी आहे. जॉन्सनची खोली म्हणून खोटी शाई, खोटं टाक, मेणाचा पुतळा असा थाट नाही. तक्तपोशी, जिना, फळ्यांची जमीन, उजेड. काही चित्रं, काही पुस्तकं. निराश होऊन बाहेर पडणारे पाहुणेही असतील. एवढं तिकीट काढलं आणि आत काही नाही! पण त्या 'काही नाही'मुळेच घर दिसतं. जिना चढताना पायऱ्यांची उंची पायाला कळते. पहिल्या मजल्यावर ती फिरती भिंत हाताने कळते. माळ्यावर पोचेपर्यंत धाप लागते आणि आपोआप कळतं की पाणी वर आणणाऱ्याचं काय होत असेल.

हे सगळं आम्ही आज बोलतोय त्याला एक कारण आहे. लंडनमध्ये विटांचं आणखी एक घर आहे आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. प्रिमरोज हिलजवळ, किंग हेन्रीज रोडवर, क्रमांक १०. ते गॉफ स्क्वेअरपेक्षा बरंच नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं. १९२१–२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे भाडेकरू म्हणून राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास, ग्रेज इनमधली बॅरिस्टरी आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, हा तो काळ. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचं उद्घाटन झालं. पुढे कॅम्डनच्या स्थानिक परिषदेने संग्रहालय म्हणून वापरायला परवानगी नाकारली. म्हणणं असं की ही राहण्याची जागा आहे, राहती जागा कमी होता कामा नये. अपील झालं, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला.

आपल्याकडे या वादाची बातमी 'अपमान' अशा सुरात वाचली गेली. त्या भावनेमागचा इतिहास खरा आहे, तो कोणी हलका करू नये. तरीसुद्धा परिषदेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो घराच्या बाजूचा मुद्दा होता: राहणं हेच घराचं काम. समोरच्या बाजूचा मुद्दा असा की या घरात कोण राहिलं, हे जगाने जाणलं पाहिजे. पुन्हा तोच 'किंवा'. निर्णय माणसाच्या बाजूने लागला आणि आम्हाला तो योग्य वाटतो. कारण गॉफ स्क्वेअरच्या शेजारच्या घरांसारखं ते घर निनावी राहिलं असतं, तर एक गोष्ट कुठेच नोंदली गेली नसती. ज्या माणसाला स्वतःच्या देशात भाड्याने जागा मिळणं दुरापास्त झालं, त्याला बडोद्यात जातीमुळे निवासातून हाकलून काढलं गेलं, त्याला इथे एक खोली मिळाली आणि तिथे बसून त्याने लिहिलं. कोणासाठीच न बांधलेलं घर म्हणजे काय, हे त्या संदर्भात वेगळंच ऐकू येतं. ज्या घराला राहणाऱ्याची ओळख आधी विचारावी लागत नाही, अशी घराची कल्पना आपल्या गावरचनेत नव्हती. आपल्याकडे घर कुठे उभं आहे, यावरूनच राहणारा कोण, हे ठरलेलं असे. लंडनच्या घरमालकिणी काही भेदभावापासून मुक्त होत्या असं आम्ही म्हणत नाही. पण त्या वास्तूचा आराखडा तरी जात विचारत नव्हता.

म्हणून किंग हेन्रीज रोडच्या घराकडून आमची एकच अपेक्षा आहे. तिथे संगमरवर नको, मोठे पुतळे नकोत, भिंती झाकणारे फलक नकोत. जिना जिना म्हणून राहू द्या. भाडेकरूची खोली लहान असेल तर लहानच दिसू द्या. मेज, दिवा, खिडकी आणि पुस्तकं. थंडीच्या दिवसांत त्या खिडकीतून किती वाजेपर्यंत वाचण्याइतका उजेड येतो, हे येणाऱ्या मुलांना तिथे बसून बघता आलं पाहिजे. खुर्ची मात्र चार पायांची ठेवा.

इथे थांबू. प्रश्न बरेच आलेले दिसतायत, चुन्यावरचा आधी घेऊ.